बाईसाहेबांच्या गळ्यातली किल्ली

मी आयुष्यात एकूण तीनदा खरं बोललो आणि तिन्ही वेळा कोणी विश्वास ठेवला नाही. ही त्यातली दुसरी वेळ. पहिली लग्नाआधीची आहे, ती आमची ही घरात नसताना सांगेन.

झालं असं, की बारा दिवस मेव्हण्यांच्या मळ्यावर राहून आम्ही शहरात परतलो. मेव्हणे म्हणजे हिचे थोरले भाऊ. त्या माणसाच्या घरात घड्याळ आहे, पण ते भिंतीचा पोपडा झाकायला लावलंय. ते बंद पडून नऊ वर्षं झाली आणि त्यावाचून कोणाचंही काही अडलेलं नाही. तिथे मी बारा दिवस काय केलं? काही नाही. तुम्हाला वाटतं सोपं आहे? काही न करणं हे अंगमेहनतीचं काम आहे. पहिल्या दिवशी सवयीने साडेनऊला पँट चढवून, पट्टा आवळून मी ओट्यावर बसलो आणि कुठे जायचंय ते आठवत राहिलो. तिसऱ्या दिवशी चपला विसरलो. पाचव्या दिवशी वार विसरलो. आठव्या दिवशी झाडाखाली असा काही झोपलो, की एक पाखरू माझ्या पोटावर घरट्याच्या दोन काड्या ठेवून तिसरी आणायला गेलं. मला शिंक आली म्हणून, नाहीतर आज तिथे वसाहत असती.

अशी विश्रांती घेतलेला माणूस शहरात फार धोकादायक असतो. सोमवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यावर लोक मला ढकलून वर पळत होते आणि मी प्रत्येकाला थांबवून विचारत होतो, "काय, बरं आहे ना?" मळ्यावर तशी रीत आहे. इथे दोघांनी घड्याळ बघितलं आणि एकाने खिसा चाचपला.

मी नळजोडणी खात्यात हेडक्लार्क. तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल. त्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये खात्याचा गोल शिक्का राहतो. साहेबांची सही म्हणजे नुसती इच्छा असते. गोल शिक्का उमटला की तिचा हुकूम होतो आणि नळाला पाणी येतं. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून एक टाचणी हरवलेली नाही. त्यामुळे अख्खं ऑफिस मला 'तिजोरी' म्हणतं. तोंडावर म्हणतात, मागे काय म्हणतात ते मी चौकशी करून कधी ठरवलेलं नाही.

टेबलाशी पोचतो तर समोरच्या बाकावर आमच्या इस्त्रीवाल्या ताई. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली सतरा वर्षं त्या इस्त्री करतात. टेबल, इस्त्री आणि त्या एवढं मावलं की चौथ्या वस्तूला जागा नाही; गिऱ्हाइकाने कपडे द्यायचे तर वाकून द्यायचे. आता त्यांनी समोरच्या रस्त्यावर गाळा घेतला होता. इस्त्रीच नव्हे, धुलाईसुद्धा. मशीन आलं होतं, पाटी रंगवून झाली होती. नव्हता फक्त नळ. साहेबांची सही झालेली. पण सहीपासून तीस दिवसांत शिक्का नाही बसला तर मंजुरी रद्द आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलापासून. त्या प्रवासाला आठ महिने लागतात, वाटेत कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं तर जास्त. मी मळ्याला निघालो तेव्हा फाइल अजून वाटेतल्या टेबलांवर होती, म्हणून जाताना ताईंना शब्द दिला होता, "आल्या आल्या पहिला शिक्का तुमचा."

"भाऊ, मळा मानवला हो," ताई म्हणाल्या. मग माझ्या शर्टाकडे बघून, "तुम्हाला मानवला, कॉलरला नाही मानवला."

"आणा फाइल," मी ऐटीत म्हणालो. "तीस दिवस कधी भरतायत?"

"गुरुवारी. पाच वाजता."

"हात्तिच्या! आज तर सोमवार," म्हणत मी खिशात हात घातला. खिसा रिकामा. दुसरा खिसा. त्यात मळ्यावरची एक काडी. आणि मग मला लख्ख आठवलं. माणसं किल्ल्या हरवतात तेव्हा कुठे ठेवली ते त्यांना आठवत नाही. मला अगदी बिनचूक आठवत होतं. म्हणून तर घाम फुटला.

मेव्हण्यांची एक शेळी आहे. पांढरीशुभ्र, मान ताठ, बोलावलं तर येणार नाही आणि न बोलावता सगळीकडे. तिला सगळे 'बाईसाहेब' म्हणतात. सहाव्या दिवशी बाईसाहेबांच्या गळ्यातल्या घंटेचा लोलक पडला. घंटा मुकी झाली, त्यामुळे बाईसाहेब कुठे असतात ते कळेना आणि मेव्हणे दिवसभर झुडपं हुडकत फिरले. माझं मन तेव्हा लोण्यासारखं झालं होतं. जगातलं सगळं दुःख दूर करावं असं वाटत होतं, फक्त बसल्या जागेवरून. मी खिशातून ड्रॉवरची किल्ली काढली. जुन्या काळातली, पितळी, चांगली वजनदार. ऑफिसच्या माणसाच्या खिशात हातभर लाल फीत असतेच. त्या फितीने मी किल्ली घंटेत बांधली आणि जाड फाइलींना मारतो ती सात वेढ्यांची गाठ मारली. आणि काय सांगू, असा गोड नाद आला! पुढचे सहा दिवस त्या नादावर मी झोपलो. निघताना मेव्हण्यांना नमस्कार केला, वासराला कुरवाळलं, बाईसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवला, घंटा ऐकली, डोळ्यांत पाणी आलं. किल्ली मात्र ध्यानात आली नाही.

आता तुम्हीच सांगा. सत्तावीस वर्षं 'तिजोरी' म्हणवून घेतलेल्या माणसाने साहेबांपुढे उभं राहून, 'खात्याच्या शिक्क्याची किल्ली एका शेळीच्या गळ्यात आहे,' असं म्हणायचं?

"ताई, कुलूप जरा गंजलंय," मी म्हणालो. "तेल घालतो. उद्या या."

एवढं ऐकून शिपायाने लगबगीने तेलाची बुधली आणली आणि माझ्या तोंडून 'नको' निघायच्या आत निम्मी कुलपात ओतली. कुलूप गंजलेलं नव्हतंच. ते आता तेलकट झालं आणि माझी पँटही.

जेवणाच्या सुट्टीत मेव्हण्यांना फोन लावला. त्यांचा मोबाइल पाण्याच्या टाकीवर ठेवलेला असतो, कारण रेंज फक्त तिथे येते. वाजला की कोणीतरी शिडी आणायला जातं. चौथ्या खेपेला ते सापडले.

"दादा, माझी किल्ली बाईसाहेबांच्या गळ्यात राहिलीय!"

"हो तर! काय सुरेख वाजते हो दाजी!"

"ती पाठवा. ताबडतोब."

"पाठवतो की. घाई काय?"

"गुरुवारी पाचच्या आत हवी!"

पलीकडे शिडी करकरली. मग मेव्हणे म्हणाले, "कुठल्या गुरुवारी?"

मी घरी आलो तो चेहरा टाकून. हिने विचारलं, मी सांगितलं, आणि तिने पदराने तोंड झाकून घेतलं. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते म्हणून वाटलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे ओव्हरसियर आले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण सल्ला देण्यातून त्यांना अजून कोणी निवृत्त करू शकलेलं नाही.

"दुसरी किल्ली असेलच की," ते म्हणाले. "नियमच आहे. प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली कार्यालयातल्या सर्वांत सुरक्षित ठिकाणी ठेवावी."

"ठेवलीय," मी म्हणालो.

"मग?"

"सर्वांत सुरक्षित ठिकाण तोच ड्रॉवर आहे."

ओव्हरसियर बराच वेळ माझ्याकडे आदराने बघत राहिले. इतक्या काटेकोरपणे नियम पाळणारा माणूस त्यांना नोकरीत भेटला नव्हता. मग म्हणाले, "किल्लीवाला आणा. माझ्या ओळखीचा आहे. तो कुठलंही कुलूप डोळे मिटून उघडतो."

डोळे मिटून उघडतो हे खरं निघालं. मंगळवारी साहेब बाहेर गेलेले बघून मी त्याला बोलावलं. शिपायाला दबक्या आवाजात सांगितलं, "याला माझं टेबल दाखव," आणि तेवढ्यात मला खालच्या मजल्यावरून बोलावणं आलं. परत येतो तर किल्लीवाला साहेबांच्या खोलीत, साहेबांच्या टेबलासमोर मांडी घालून बसलेला आणि साहेबांचा ड्रॉवर सताड उघडा. शिपाई म्हणाला, "सगळ्यात मोठं टेबल तुमचंच असणार म्हणून तेच आत गेले." ड्रॉवरमध्ये काय होतं? फुगवायची एक उशी, अर्धी फुगवलेली, आणि जुन्या कॅलेंडरातून कापलेलं एका टेकडीचं चित्र. बाकी काही नाही. तिथे मला साहेबांबद्दल पहिल्यांदा काहीतरी वाटलं. आम्ही ड्रॉवर लावून टाकला आणि शिपाई व मी एकमेकांकडे न बघता बाहेर आलो.

माझ्या ड्रॉवरपुढे किल्लीवाल्याने मान हलवली. "जुनं काम आहे. उघडायचं नाही, फोडावं लागेल. आणि सरकारी कुलूप मी कागदाशिवाय फोडत नाही. मला बायको-पोरं आहेत."

कागद शोधला. होता! आमच्या खात्यात कशासाठीही कागद असतोच. 'कार्यालयीन फर्निचर बळाने उघडण्याबाबत विनंती अर्ज', तीन प्रती. कारणाच्या रकान्यात बराच विचार करून मी लिहिलं: 'किल्ली अपरिहार्य कारणास्तव दौऱ्यावर आहे.' खोटं नव्हतं. सही केली, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत नजर गेली: 'येथे खात्याचा गोल शिक्का उमटवावा.'

मी खुर्चीत बसलो. मळ्यावर असतो तर अशा वेळी आडवा झालो असतो.

बुधवारी ताई आल्या त्या डबा घेऊनच. "भाऊ, आज बसूनच राहते. घरी जीव लागत नाही." मग हळूच म्हणाल्या, "पाटी काल लावली. खालून जाणारा एक जण म्हणाला, पाण्याविना लाँड्री म्हणजे तोंडाविना शिट्टी. मी हसले. पण भाऊ, सतरा वर्षं वाकून काढली हो. एकदा तरी ताठ उभी राहून गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचंय."

यावर गंज, तेल, तांत्रिक अडचण असलं काही माझ्याने बोलवेना. मी इकडेतिकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "ताई, खरं सांगतो. किल्ली एका शेळीच्या गळ्यात आहे."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "भाऊ, काम व्हायचं नसेल तर नाही म्हणा. मी काय आज ओळखते तुम्हाला? पण कारण सांगायचं तर जरा बरं तरी सांगावं माणसाने."

आणि उठून गेल्या. डबा न खाता. लोक मला खोटारडा म्हणतात त्याचं मला कधी काही वाटत नाही, त्यात थोडी कला आहे. पण खरं बोलून खोटारडा ठरलो ते फार लागलं. त्या संध्याकाळी मी टाकीवरच्या मोबाइलला सोळा वेळा फोन केला. सोळाही वेळा टाकीनेच ऐकला असावा.

गुरुवार उजाडला. ताई सकाळपासून बाकावर बसल्या होत्या, पण माझ्याकडे न बघता. दोन वाजले. तीन वाजले. भिंतीवरचं घड्याळ असं पळत होतं, जसं काही त्यालाच पाच वाजता गाडी गाठायचीय. मी फाइल उघडून टेबलावर ठेवली, बंद केली, पुन्हा उघडली. चार वाजून वीस मिनिटांनी मला जिन्यातून एक नाद ऐकू आला.

टण्... टणण्... टण्...

मला वाटलं डुलकी लागली. मळ्यावर याच नादावर डोळा लागायचा. मी डोळे मिटले. पण नाद दुसऱ्या मजल्यावर आला, कोणीतरी किंचाळलं, कोणाच्या तरी हातातून कपबशी पडली, आणि मी ताडकन उठलो.

खाली काय झालं ते मला नंतर कळलं. मेव्हण्यांनी किल्ली सोडवायचा प्रयत्न सोमवारपासूनच चालवला होता. पण माझी सात वेढ्यांची गाठ! कात्री आणली तर बाईसाहेबांनी शिंगं दाखवली. पट्टा काढायला गेले तर अंगावर आल्या. शेवटी मेव्हण्यांनी विचार केला, दाजी बारा दिवस बाईसाहेबांकडे राहून गेले, एकदा बाईसाहेबांनीही दाजींकडे जायला हरकत नाही. भाजीच्या टेम्पोत बसून दोघं निघाले. फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं, पाटी दाखवली: 'कुत्र्यांना प्रवेश नाही.'

"ही कुत्रा आहे का?" मेव्हण्यांनी विचारलं.

पहारेकऱ्याने नीट निरखून बघितलं. "नाही."

"मग?"

यावर पहारेकऱ्याकडे नियम नव्हता. त्याने वही पुढे केली. मेव्हण्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. नाव: बाईसाहेब. काम: किल्ली देणे. कोणाला भेटायचे: दाजी.

तिसरा मजला चढायला आमच्या लोकांना धाप लागते. बाईसाहेब मात्र दोन-दोन पायऱ्या घेत अशा वर आल्या की ऑफिसात वेळेवर येणाऱ्या त्या पहिल्याच. मान ताठ, घंटा वाजतेय, मागे घामाघूम मेव्हणे. "दाजी, हाच गुरुवार ना?"

इस्त्रीवाल्या ताई बाकावरून उठल्या. शेळीकडे बघितलं, घंटेकडे बघितलं, घंटेतून लोंबणाऱ्या पितळी किल्लीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या. आमच्या हिच्यासारखेच खांदे हलायला लागले.

"फीत कापू का?" शिपाई कात्री घेऊन धावला. बाईसाहेबांनी शिंगं खाली केली. शिपाई टेबलावर चढला.

चार पस्तीस. मी म्हणालो, "गाठ राहू द्या. शेळीच ड्रॉवरपाशी आणा." तो ड्रॉवर इतका खाली कोणी आणि का केला असावा, हा प्रश्न मला सत्तावीस वर्षं पडला होता. त्या दिवशी उत्तर मिळालं. बाईसाहेबांच्या मानेची उंची आणि कुलपाची उंची तंतोतंत एक! मी गुडघे टेकले, एका हाताने शेळीला कवेत घेतलं, दुसऱ्या हाताने किल्ली कुलपात घातली. आता किल्ली फिरवायची तर घंटा फिरवायला हवी आणि घंटा फिरवायची तर बाईसाहेबांनी मान वळवायला हवी. त्या वळवेनात. मेव्हण्यांनी शक्कल लढवली. टेबलावरचा एक कागद उचलून त्यांनी बाईसाहेबांच्या उजव्या बाजूला धरला. बाईसाहेबांची मान वळली, तेलात भिजलेल्या कुलपात किल्ली लोण्यासारखी फिरली, खट्!

आणि दारात साहेब.

"तिजोरी," साहेब म्हणाले, "हे काय चाललंय?"

मी शेळीच्या गळ्यात गळा घालून जमिनीवर. खरं बोलायची सवय बुधवारपासून लागलीच होती. "कुलूप उघडतोय, साहेब."

"आणि ती काय खातेय?"

बाईसाहेब 'कार्यालयीन फर्निचर बळाने उघडण्याबाबत विनंती अर्ज' खात होत्या. पहिली प्रत संपली होती, दुसरी चालू होती, तिसरी मेव्हणे अदबीने पुढे करत होते. मी म्हणालो, "जुनी रद्दी, साहेब."

चार अठ्ठेचाळीस. मी शिक्का काढला, फुंकर मारली, फाइलवर दाबला. उचलला. कागद कोरा! बारा दिवसांच्या सुट्टीत शाईची गादी वाळून खडखडीत झाली होती. शाईची बाटली भांडारात आणि भांडार चार वाजता बंद होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, शेळीसुद्धा, तोंडात अर्धा अर्ज ठेवून.

"सरका," ताई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली काढली. सतरा वर्षांचा हात. गादीवर फुस्, फुस्. बोटाने एकदा दाबून बघितलं, सुती कापडाला बघतात तसं. तिसरं फुस्. "आता मारा."

मी मारला. गोल, निळा, ठसठशीत. एक कड जरा पाणीदार आली, पण पाण्याच्या खात्याचा शिक्का आहे, चालायचंच. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि शिक्क्याखाली वेळ टाकली: चार वाजून त्रेपन्न.

"भाऊ," ताई फाइल छातीशी धरून म्हणाल्या, "काल मी तुम्हाला बोलले ते..."

"ताई, मीसुद्धा स्वतःवर विश्वास ठेवला नसता."

पुढे काय व्हायचं ते मी धरूनच चाललो होतो. खुलासा, चौकशी, मेमो. पाच वाजता साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मग घसा साफ करून म्हणाले, "तुमचे ते मेव्हणे... त्यांच्याकडे टेकडी आहे का हो?"

"आहे साहेब. लहानशी."

"आणि एखाद्या माणसाला तिकडे सहा-सात दिवस... म्हणजे तो काही करणार नाही. नुसता बसेल."

मी म्हणालो, "साहेब, उशी नेऊ नका. तिथे लागत नाही." मग जीभ चावली. पण साहेब हसले. त्या खुर्चीत बसून साहेब हसतात हे मी त्या दिवशी प्रथम बघितलं. आता पुढच्या महिन्याचा त्यांचा रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. त्याला गोल शिक्का लागत नाही, तरी मी एक मारून ठेवलाय, शुभेच्छा म्हणून.

नळ पुढच्या बुधवारी आला. ताईंनी पहिला शर्ट माझाच धुतला, कॉलरसकट. मी आणायला गेलो तर त्या काउंटरमागे ताठ उभ्या. "या भाऊ," म्हणाल्या. मला वाकावं लागलं नाही. वाकायच्या सवयीने मी वाकलो आणि काउंटरवर कपाळ आपटलं, ती गोष्ट वेगळी.

राहता राहिली किल्ली. ती गाठ शेवटपर्यंत सुटली नाही. दुसरी किल्ली ड्रॉवरमध्ये सुखरूप होती. ती मी काढून घेतली, हल्ली तीच वापरतो. पण नियम तो नियम. किल्ल्यांच्या नोंदवहीत मला लिहावंच लागलं: 'पहिली किल्ली: सर्वांत सुरक्षित ठिकाणी.' तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "म्हणजे कुठे?" मी सांगितलं. तिसऱ्यांदा खरं बोललो ते तेव्हा. तो मोठ्याने हसला आणि पुढचं पान उलटलं.

दुपारी तीनच्या सुमारास, फाइलींचा ढीग कपाळाला लागतो तेव्हा, मी पेन खाली ठेवतो आणि कान देतो. कुठेतरी झुडपात या ऑफिसचा एक तुकडा कायमच्या रजेवर आहे आणि काय सुरेख वाजतोय!